समजलं म्हणू नका

—ओळखतो म्हणजे, ओळखतो असं मला वाटतं. आतल्या सिस्टरबद्दल विचारताय ना, चष्म्यावाल्या? हो, त्याच. पण मी सांगेन ते अगदी प्रमाण मानू नका, कारण माझ्या आठवणीचं जरा — कसं सांगू — काय काय घडलं ते आठवतं, पण आधी काय आणि मागून काय याची खात्री देता येत नाही. आणि मी जन्मभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं, म्हणजे कशामागून काय येतं तेच शिकवलं, तेव्हा ही चेष्टाच म्हणायची. हसा, हसा, घरचेही हसतात. जरा इकडे सरकून बसा, त्या बाजूला बाक डुगडुगतो. मी पलीकडच्या दारातला, इंजेक्शनवाला. महिन्यातून एकदा येतो, टोचून घेतो, दंड चोळत घरी जातो. तुम्ही या दारातले, कागदांवरूनच ओळखलं. नव्या औषधाच्या चाचणीत भाग घ्या म्हणताहेत, हो ना? मग, घेणार? नाही, नाही, मी सल्ला देत नाही, मला मलाच कधी सल्ला देता आला नाही. पण तुम्ही मघाशी फोनवर कुणाला तरी म्हणालात ना — कानावर आलं, मुद्दाम ऐकलं नाही — की, 'एवढं कोण वाचतंय, समजलं म्हणायचं आणि सही ठोकायची', तेवढ्यावरून मला बोलावंसं वाटलं. एरवी मी अनोळखी माणसाशी बोलत नाही. बायकोचं म्हणणं, बोलायला लागलात की थांबत नाही, पण तो स्वतंत्र मुद्दा आहे.

तर आमची सून शिकवते. घरूनच, कॉम्प्युटरवर. काय शिकवते — तर हेच, तुमच्या हातात आहे ते. नवं औषध माणसांवर तपासायचं तर कसं तपासायचं, कुणाला घ्यायचं, कुणाला नाही, कुणाला खरी गोळी, कुणाला खोटी, आणि खोटी दिली तरी ती फसवणूक का नाही. चांगला पदवीनंतरचा अभ्यासक्रम आहे, आणि विद्यार्थी सगळे नोकरी करणारे — नर्सा, फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट, एक दाताचे डॉक्टर. संध्याकाळी जो तो असेल तिथून हजर. कुणी पार्किंगमध्ये गाडीत बसलेलं, कुणाचा कॅमेरा छताच्या पंख्याकडे, दाताचे डॉक्टर गळ्यात मास्क लोंबकळत ठेवून डुलक्या घेताहेत. आमची ही म्हणायची, उंटावरून शेळ्या हाकणं ते हेच. माझी खोली भिंतीपलीकडे, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. एकदा सूनबाईंनी विचारलं की चाचणीत किती माणसं घ्यायची हे कसं ठरवाल, आणि उत्तर आलं, 'दिवसातून दोनदा, जेवणानंतर'. तो फार्मासिस्ट बिचारा दुकानातल्या गिऱ्हाइकाशी बोलत होता, माईक बंद करायचा राहिला. दोघीतिघींनी म्हणे ते लिहूनही घेतलं.

या लोकांची एक तोंडी परीक्षा असते. समोर एक पेशंट बसवायचा, नकली, आणि विद्यार्थ्याने त्याला चाचणी समजावून सांगून त्याची संमती घ्यायची. ठरलेल्या वेळात. सगळं पडद्यावरच. तर नकली पेशंट हवा होता, आणि घरात एक रिकामा म्हातारा होता. सून म्हणाली, 'बाबा, तुम्ही फक्त पेशंट व्हायचं.' मी म्हटलं, मला जमेल का? ही म्हणाली, 'न जमायला काय झालं, जन्मभर तेच करताय.' मला एक भूमिका लिहून दिली — निवृत्त ड्रायव्हर, शाळा अर्धवट, गुडघे दुखतात, गुडघ्याच्या नव्या गोळीची चाचणी. नीट सांगितलं तर समजून घ्यायचं, सही करायची आणि कागद कॅमेऱ्यासमोर धरायचा. मी चार दिवस तयारी केली. मुलाची टोपी घातली. आणि पहिल्याच विद्यार्थ्याला म्हणालो, 'अर्थात हे गृहीतक तपासून पाहावं लागेल.' सुनेने भिंतीवर टकटक केली. मग सही केली तर सवयीने नावाआधी 'प्रा.' लावून टाकलं. दुपारी जेवताना ती म्हणाली, 'बाबा, ड्रायव्हर लोक प्रा. कधीपासून लावायला लागले?' आता आपल्याच सासऱ्याला पेशंट केल्यावर मार्क आपणच द्यायचे हे बरं दिसत नाही, म्हणून तिने परीक्षक बाहेरचे ठेवले होते. ते सगळं पाहायचे, पण दिसायचे नाहीत. देवासारखे, पण देव निदान लेखी शेरे देत नाही.

त्या दिवशी एकामागून एक विद्यार्थी आले. सांगायचे छान, भरभर, आणि शेवटी विचारायचे, 'समजलं ना काका?' मी म्हणायचो, समजलं. सही. कागद कॅमेऱ्यापुढे. पास. पुढचा. — तुमच्या आतल्या सिस्टर शेवटच्या होत्या. चादरींच्या खोलीत बसलेल्या, मागे पांढऱ्या चादरींच्या घड्या छतापर्यंत, हे मला लख्ख आठवतं. की आठवतं असं वाटतं? नाही, चादरी होत्या. डायलिसिसच्या वॉर्डातून अर्ध्या ड्यूटीत वेळ मागून आली होती. आणि तिचं काय होतं, तर ड्यूट्यांमुळे ही परीक्षा तिची आधी हुकलेली. या वेळी गेली तर नाव कमी, सगळं पुन्हा पहिल्यापासून. इकडे तिच्या हॉस्पिटलात याच कामाची एक जागा निघालेली, म्हणजे तुमच्या समोरच्या या दाराआडची, पण पदवी असेल तरच. हे मला सुनेने आधीच सांगितलं होतं, म्हणजे सांगायला नको होतं, पण ती म्हणाली, 'बाबा, हिच्या वेळेला जरा लवकर समजून घ्या.' थट्टेने म्हणाली.

तर सिस्टरने सांगितलं. इतरांपेक्षा चांगलं सांगितलं. आणि शेवटी 'समजलं ना' विचारलंच नाही. म्हणाली, 'काका, आता तुम्ही मला सांगा. घरी कुणी विचारलं, कसली गोळी घेताय, का घेताय, तर काय सांगाल?' मी तोंड उघडलं — आणि काही नाही. फळा पुसलेला. अहो, नाटक नव्हतं ते. मी म्हटलं, समजलं मला, कुठे सही करू? ती म्हणाली, 'सही राहू द्या. काय समजलं?' मी म्हटलं, गुडघे दुखतात एवढं समजलं. ती हसली. चांगली हसली, मनापासून. मग पुन्हा पहिल्यापासून, आणखी सोपं करून सांगितलं. पुन्हा विचारलं. मला तिच्या मागच्या चादरींच्या घड्या आठवत होत्या, तिच्या चष्म्यात उमटलेला माझाच चेहरा आठवत होता, पण तिचं वाक्य एक नाही. पालथ्या घड्यावर पाणी. तिसऱ्यांदा तिने गोळीबिळी सोडूनच दिली. म्हणाली, 'काका, आज सकाळी काय खाल्लंत?' मी म्हटलं, अंडं आणि ब्रेड, त्यात काय. तर स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, 'अहो, ते काल.'

नाही, तसं गंभीर काही नव्हतं, तुम्ही चेहरा पाडू नका. मी आपलं ड्रायव्हरच्याच तोऱ्यात. तिने विचारलं, 'पायाला मुंग्या येतात का?' मी म्हटलं, बाई, जन्मभर क्लच दाबलाय, मुंग्या येणार नाहीत तर काय फुलं येणार? 'चालताना तोल जातो?' म्हटलं, कधीमधी. 'जीभ चुरचुरते?' मला वाटलं, परीक्षेतलंच काही असेल. आणि मग तिने हातातलं पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, 'काका, आज मी तुमची सही घेणार नाही.' कुठेतरी घंटा वाजली आणि पडदा काळा झाला. सून धावत आली. 'बाबा, काय अभिनय केलात! पण भूमिका सोडून केलात, तुम्हाला समजायचं होतं.' बाहेरच्या परीक्षकांचा शेरा आला — विद्यार्थिनीला नीट समजावून सांगता आलं नाही, दिलेल्या वेळेत संमती मिळाली नाही. नापास. ज्यांनी 'समजलं ना' विचारलं ते सगळे पास, आणि जिने 'काय समजलं' विचारलं ती नापास. हे मी वर्गात उदाहरण म्हणून दिलं असतं तर मुलं म्हणाली असती, सर, काहीतरी रचून सांगू नका.

मी काय केलं? लगेच सांगितलं, त्याच संध्याकाळी. म्हटलं, सूनबाई, तिचा दोष नाही, मला खरंच काही सांगता आलं नाही. तर ती म्हणते, 'बाबा, तुम्ही लॉजिकचे प्रोफेसर, तुम्हाला गुडघ्याची गोळी कळली नाही?' मी म्हटलं, कळली आणि राहिली नाही, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आणि मुद्देसूद पटवून दिलं हो, पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा, निष्कर्ष. तिथेच चुकलं. स्मरणशक्ती गेलीय हे जो माणूस इतकं व्यवस्थित सिद्ध करतो, त्याच्यावर कोण विश्वास ठेवेल? बायको म्हणाली, 'त्या पोरीचं वाईट वाटतंय म्हणून तुम्ही स्वतःला वेडं ठरवताय.' इकडे सिस्टरनेही सुनेला कळवलं होतं — काका नाटक करत नव्हते, त्यांचं रक्त तपासून घ्या. पण नापास झालेल्याने काहीही म्हटलं तरी ती सबब वाटते. नाचता येईना अंगण वाकडं. मी हट्ट धरला, तेव्हा मुलगा म्हणाला, ठीक आहे, डॉक्टरांकडे जाऊ, ते विस्मरणाची परीक्षा घेतात, काय ते एकदा कळेल.

परीक्षा म्हणाला तो. त्याने तो शब्द वापरायला नको होता. — आता हे तुम्ही कुणाला सांगू नका. मी त्या परीक्षेचा अभ्यास केला. हो, अभ्यास. आयुष्यात एकही परीक्षा तयारीशिवाय दिली नाही मी, लघवीच्या तपासणीलासुद्धा आदल्या दिवशी पाणी पिऊन तयार असतो. इंटरनेटवर सगळं होतं — पाच शब्द लक्षात ठेवा, घड्याळाचं चित्र काढा, शंभरातून सात सात वजा करत या. मी सकाळ-संध्याकाळ घोकलं. ही भाजी चिरता चिरता माझी उजळणी घ्यायची, 'चेहरा, मखमल, पुढे?' तिलाही पाठ झालं. आणि डॉक्टरांनी नेमके तेच पाच शब्द विचारले. मी धडाधड सांगितले. घड्याळ काढलं, त्याला सेकंदकाटाही काढला. डॉक्टर म्हणाले, 'सर, तुमचं डोकं माझ्यापेक्षा शाबूत आहे.' इतका आनंद झाला मला, पेपर सोपा गेल्यावर होतो तसा. आणि जिना उतरताना लक्षात आलं की मी काय करून बसलो. मी नाटकच करत होतो हे आता डॉक्टरांच्या सहीशिक्क्यानिशी सिद्ध झालं होतं. पोरीची उरलीसुरली आशा मी पैकीच्या पैकी मार्क मिळवून बुडवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून निराळं नसतं.

का केला अभ्यास? — तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या चेहऱ्यावर दिसलं. असं आहे, माझे वडील शेवटी शेवटी मला 'मास्तर' म्हणायचे. अहो-जाहो करायचे. 'मास्तर, आमचा मुलगा तुमच्या वर्गात आहे का?' मी म्हणायचो, आहे. 'हुशार आहे का?' आता काय सांगायचं. तेव्हा त्या डॉक्टरच्या खोलीत खरं उत्तर द्यायचं धाडस मला झालं नाही, एवढंच. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी परीक्षेत काही नवीन घडलं नव्हतं. वर्षभर आधीपासून घरात माझं हेच चाललं होतं. हिने सांगावं, येताना अमुक आणा — समजलं. मुलाने सांगावं, बँकेत असं असं करा — समजलं. आणि बाहेर पडून कोपऱ्यावर उभं राहायचं, कुठे निघालो होतो त्याचा विचार करत. झाकली मूठ सव्वा लाखाची. 'समजलं' म्हटलं की समोरचा पुढे काही विचारतच नाही, हा मला लागलेला मोठा शोध होता. विचारलं ते फक्त तिने, तेही भलत्या माणसाच्या गुडघ्याबद्दल. — हे बोलायचं नव्हतं खरं तर. इंजेक्शनला उशीर झाला की मी वाहवत जातो.

हं, तर मग पुढे. डॉक्टरांचं प्रमाणपत्र सुनेने सिस्टरला कळवलं, जरा झोंबेल अशा भाषेतच कळवलं असणार. तिचं उत्तर एका ओळीचं आलं. 'मॅडम, मी रक्त तपासा म्हटलं होतं, डोकं नाही.' आता सून चपापली. तिची ती चांगली बाजू आहे, चूक वाटली की ती थांबते, माझ्यासारखी मुद्दे काढत बसत नाही. दुसऱ्या दिवशी रक्त दिलं. रक्ताला घोकंपट्टी करता येत नाही. बी-ट्वेल्व्ह जवळजवळ नाहीच. खातो सगळं, अंडी खातो, दूध पितो, पण पोटात ते शोषलंच जात नाही म्हणे, आणि त्याने मुंग्या येतात, तोल जातो, माणूस विसरायला लागतो. भलतंच काहीतरी झालंय असं वाटावं इतकं विसरतो. आणि वेळेवर कळलं तर इंजेक्शनांनी बरंचसं परत येतं. वडिलांचं तेच होतं का? नाही — म्हणजे, माहीत नाही. त्यांना कुणी रक्त तपासा म्हटलं नाही.

सूनबाई तो रिपोर्ट घेऊन त्या अदृश्य परीक्षकांशी भांडली. मी भिंतीला कान लावून होतो. ते म्हणत होते, 'तुमच्या सासऱ्यांना बरं वाटो, पण दिलेल्या वेळेत विद्यार्थिनीला संमती घेता आली नाही, हे तर खरं ना?' आणि आमची सून म्हणाली, 'सर, तुम्ही मला नकली पेशंट मंजूर केला होता. माझा पेशंट खरा निघाला. तेव्हा परीक्षाच झालेली नाही.' मुलगा तर्कशास्त्रात कच्चा राहिल्याची मला खंत होती, सून अव्वल निघाली. परीक्षा पुन्हा घ्यायचं ठरलं. पेशंट कोण? मी तर बाद. मग आमच्या हिला बसवलं. हिलाही तेच लिहून दिलेलं, समजून घ्यायचं आणि सही करायची. सिस्टरने सगळं सांगितलं, विचारलं, 'मावशी, आता तुम्ही सांगा.' हिने सगळं धडाधडा सांगितलं, खरी गोळी, खोटी गोळी, मधेच सोडता येतं, सगळं. आणि मग म्हणाली, 'छान सांगितलंस गं, पण मला नको तुझी गोळी.' सुनेने भिंतीवर टकटक केली. ही म्हणाली, 'टकटक कसली करतेस, नाही म्हणायची सोय आहे असं तीच सांगतेय ना?' आणि सिस्टर काय म्हणाली — 'बरोबर आहे मावशी. नाही तर नाही.' तिने एका शब्दानेही गळ घातली नाही. परीक्षकांनी पैकीच्या पैकी दिले. माणसाचा नकार नीट घेता येणं हीच खरी परीक्षा, असा शेरा होता. मी त्यांना मनातल्या मनात माफ करून टाकलं, म्हणजे बरंचसं.

तर ती ही सिस्टर. तेव्हापासून या दाराआड आहे. मला बघून अजून विचारते, 'काका, सकाळी काय खाल्लं?' आणि मी बरोबर सांगतो. घरून आठवत आठवतच येतो, ते सोडा. पण मला एक गोष्ट फार दिवस छळत होती. ते परीक्षक सारखं म्हणायचे ना, दिलेल्या वेळेत नाही, आणि मलाही ती घंटा आठवते. म्हणजे वेळ संपली म्हणून माझी सही घ्यायची राहिली, की माझं ते असं बघून तिने घ्यायची नाही म्हणून घेतली नाही? नोकरी, पदवी, सगळं पणाला लागलेलं, आणि समोर मी टोपी घालून, हातात पेन घेऊन, कुठे सही करू म्हणून विचारतोय. आधी घंटा, की आधी तिचं 'घेणार नाही'? मी तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, 'काका, मला काही आठवत नाही, मी तेव्हा डबल ड्यूटीत होते.' आणि माझ्या आठवणीचं तर तुम्हाला सुरुवातीलाच सांगितलं.

— अहो, दार उघडलं. तुम्हालाच खूण करताहेत. चष्मा घ्या, बाकावर राहिला. आत गेल्यावर नुसतं समजलं म्हणू नका, ती सोडायची नाही. नाही समजलं तर नाही समजलं म्हणा. नको असेल तर नको म्हणा, तिला दोन्ही चालतं. जा, जा, माझं काय, मी बसलोय.

काय म्हणालात? आधी घंटा की आधी 'घेणार नाही', ते? ते कळलं ना. पुढे काही वर्षांनी सुनेने नव्या विद्यार्थ्यांना दाखवायला त्या परीक्षेचं चित्रीकरण बाहेर काढलं, तेव्हा मी तिच्या खुर्चीमागे उभा राहून पाहिलं. पडद्याच्या कोपऱ्यात उलटं मोजणारं घड्याळ असतं. घंटा तिच्या वॉर्डातली होती, कुणा पेशंटने वाजवलेली. तिने पेन खाली ठेवलं, सही घेणार नाही म्हणाली, परीक्षा संपवायचं बटण स्वतः दाबलं आणि वॉर्डाकडे पळाली. कोपऱ्यातली वेळ अजून निम्मी शिल्लक होती.